पाहुण्याचं पान

"ते येतीलच एवढ्यात. आपण बसा ना," श्यामलाबाई म्हणाल्या. पाण्याचा पेला त्यांनी टीपॉयवर ठेवला आणि पदर सावरून त्या जरा मागे सरून उभ्या राहिल्या.

यज्ञेश्वर मेहेंदळे स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खुर्चीत अवघडून बसले. नाक्यावरून आणलेली मेथीची जुडी अजून त्यांच्या हातातच होती.

"कुठून आलात?"

"खडकीहून," ते म्हणाले. काहीतरी सांगायला हवं होतं, आणि सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस म्हणून गेल्यामुळे ते अगदीच खोटंही नव्हतं.

"हो का? आमचे हेही खडकीलाच असतात. ओळखत असाल."

"ओळखतो थोडंफार."

"मग चहा घेतल्याशिवाय जायचं नाही," असं म्हणून त्या आत गेल्या. यज्ञेश्वर पाणी प्यायले. पाहुण्याने प्यावं तसं, अर्धाच पेला.

कारखान्यात माप चुकलेला नग बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. वर्तमानपत्राच्या रविवारच्या अंकात सिनेमाची परीक्षणं लिहितानाही त्यांनी तेच केलं. विनोदी चित्रपट तर त्यांच्या हातून क्वचितच सुटायचा. जुळे भाऊ एकाच पेठेत राहतात आणि दूधवाल्यालाही पत्ता नाही? घरमालक भाडेकरूला लुगड्यात बघतो आणि त्याच्या प्रेमात पडतो? 'हे घडणे संभवत नाही,' असं मेहेंदळे लिहीत, आणि पुण्यातली मंडळी सिनेमा न बघता नुसतं परीक्षण वाचून समाधान पावत.

श्यामलाबाई दर सिनेमाला बरोबर असायच्या. फार पूर्वी एका चित्रपटात नवरा मिशी उतरवून घरी येतो आणि बायको त्याला ओळखतच नाही, असा प्रसंग होता. थिएटर नुसतं डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. श्यामलाबाई पदराने डोळे पुसत होत्या, इतक्या हसल्या होत्या.

"बायको नवऱ्याला ओळखत नाही?" मध्यंतरात यज्ञेश्वर म्हणाले होते. "आवाज आहे, चाल आहे. काहीही दाखवायचं का?"

"मागच्या महिन्यात त्या रडक्या सिनेमात आंधळ्या आईला शेवटी दिसायला लागलं," बटाटेवड्याचा तुकडा मोडत श्यामलाबाई म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही रुमाल काढलात. कसं दिसायला लागलं, हे नाही विचारलंत. रडवलं की सगळं माफ, आणि हसवलं की पुरावा आणा. हा कुठला न्याय?"

परीक्षण मात्र यज्ञेश्वरांनी ठरवलं होतं तसंच लिहिलं.

निवृत्तीनंतर ते वारज्याच्या नव्या इमारतीत राहायला आले आणि इथेच श्यामलाबाईंचं विसरणं सुरू झालं. आधी मीठ, मग गॅस, मग माणसं. पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला 'आपण कोण' म्हणून विचारलं तेव्हा यज्ञेश्वर चिडले. लग्नातला फोटो भिंतीवरून काढून त्यांनी बायकोपुढे धरला. "बघ. हा मी. तुझा नवरा." श्यामलाबाईंनी फोटोतल्या तरुणाकडे पाहिलं, समोरच्या टक्कल पडलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि घाबरून स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. आतून त्यांचं रडणं ऐकू येत होतं. "अहो, लवकर या हो," असं त्या नवऱ्यालाच हाक मारून सांगत होत्या.

त्या दिवसापासून यज्ञेश्वरांनी पुरावा देणं सोडलं. पाहुणा म्हणून बसायचं, चहा घ्यायचा, निरोप घेऊन बाहेर पडायचं, जिन्यात थांबायचं आणि पुन्हा बेल वाजवायची. कधी दार उघडताच त्या म्हणायच्या, "आज उशीर केलात." कधी पुन्हा "आपण कोण?" मग पुन्हा जिना.

यज्ञेश्वर असे जिन्यात बसलेले असताना एकदा सोनबा वर आले. इमारत उभी होती ती जमीन पूर्वी त्यांची; बदल्यात मिळालेल्या वरच्या फ्लॅटमध्ये ते राहत.

"काय सायेब, भाईर का बसलाय?"

"मी अजून घरी आलेलो नाही, सोनबा," यज्ञेश्वर म्हणाले.

सोनबांनी बंद दाराकडे पाहिलं. मग टोपी काढून ते शेजारीच पायरीवर टेकले.

"आमची म्हातारी शेवटाला मला चोर म्हनायची. काठी घिऊन बसायची उशाशी. तुमची चा तरी पाजती."

"हो. साखर जास्त घालते. पाहुण्याला."

"मग प्या की," सोनबा म्हणाले.

सदर अजून चालू होतं. संपादक आप्पासाहेब अधूनमधून पास पाठवायचे. तसे एका शुक्रवारी नव्या विनोदी चित्रपटाचे आले. श्यामलाबाईंना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून यज्ञेश्वर त्यांना रिक्षाने घेऊन गेले. कशावर तरी डोकं आपटून नायिकेची स्मृती जाते आणि नवरा घरात शिरताच ती किंचाळते, लाटणं घेऊन त्याच्या मागे धावते. लोक हसत होते. यज्ञेश्वर पडद्याकडे न बघता बायकोकडे बघत होते. श्यामलाबाई हसत नव्हत्या. कपाळाला आठी घालून त्या यज्ञेश्वरांच्या कानाशी लागल्या.

"ती ओरडते का हो? मघाशी तर सगळ्यांना आग्रहाने वाढत होती. त्याला बसा म्हणावं. दमून आला असेल."

यज्ञेश्वरांनी त्यांचा हात हातात घेतला. तो त्यांनी काढून घेतला नाही.

रविवारच्या परीक्षणात त्यांनी लिहिलं की स्मृती जाणं संभवतं, नवऱ्याला न ओळखणंही संभवतं. विनोदी चित्रपटाला त्याबद्दल जाब विचारू नये. मात्र आल्यागेल्याचं अगत्याने करणारी ही बाई लाटणं उगारणार नाही. ती नवऱ्याला विसरेल, स्वतःचा स्वभाव विसरणार नाही. तेवढी एकच गोष्ट या चित्रपटात खोटी आहे.

आप्पासाहेबांचा फोन आला. "मेहेंदळे, विनोदी सिनेमा आहे हो. लाटणं नाही घेतलं तर लोक हसणार कशाला?"

"चहा दिला असता तरी हसले असते."

"शेवटच्या ओळी काढतो. वाचकांना कळायचं नाही."

"काढा," यज्ञेश्वर म्हणाले. बायकोचं आजारपण त्यांनी आप्पासाहेबांना कधी सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही.

आज मेथीची जुडी टीपॉयवर ठेवून, गोड चहा संपवून ते उठले. "येतो मी. पुन्हा येईन कधीतरी."

"थांबला असतात तर भेट झाली असती," श्यामलाबाई हळहळल्या.

यज्ञेश्वर जिन्यात गेले. थोडं थांबून त्यांनी घसा खाकरला आणि बेल वाजवली.

"आलात?" दार उघडत श्यामलाबाई म्हणाल्या. "आत्ताच एक गृहस्थ येऊन गेले. खडकीचे. तुमची वाट बघून बघून गेले बिचारे. ही मेथी आणली होती त्यांनी."

"काय म्हणत होते?"

"फारसं बोलले नाहीत. एकटेच असावेत. शर्टाचं बटण तुटलेलं होतं, कुणी लावून दिलेलं दिसत नाही." त्या यज्ञेश्वरांच्या शर्टाकडे न बघता मेथी घेऊन आत गेल्या. "एकदा जेवायला बोलवा त्यांना."

"बोलावतो."

दुपारी श्यामलाबाईंनी तीन ताटं घेतली. यज्ञेश्वर आपल्या ताटावर बसले. तिसऱ्यात श्यामलाबाईंनी मेथीची भाजी वाढली, भाताची मूद ठेवली, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाल्या, "तुम्ही करा सुरुवात. ते आले की मी बसेन त्यांच्याबरोबर."