वस्तरा खाली ठेवून

न्हाव्याने लिहिलेली गोष्ट संपादकांनी नापास केली, तेव्हा त्याचा कानांवर विश्वासच बसेना. फोनवर ते स्पष्टच म्हणाले, "भांडलेले दोन भाऊ भेटेपर्यंत वाचक जांभया देतो. संध्याकाळपर्यंत सुधारून आणून द्या, नाहीतर या अंकात जमणार नाही."

आता घ्या! अहो, महिनाभर त्याने दाढीला बसलेल्या एकेका गिऱ्हाइकाला ती गोष्ट ऐकवली होती आणि झाडून सगळे "वा, छान!" म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदा नाव छापून यायचं, तर ही गत! बिचाऱ्याचं जेवणावरून मन उडालं.

बायको मात्र पोट धरून हसली. "मानेवर वस्तरा टेकवून विचारल्यावर कोण नाही म्हणेल हो? तो खाली ठेवा आणि मग वाचा."

स्वारी फुगली, पण मुकाट्याने पुढे दुकानात गेली. बाकावर तिघे नंबर लावून बसले होते. न्हाव्याने वाचायला घेतलं. घराचं वर्णन सुरू झालं, तशी तिन्ही डोकी वर्तमानपत्रात गेली. गोष्टीत आजोबा-पणजोबा आले, तेव्हा तिघांतला नळवाला खेकसला, "अरे, आज दाढी होणार आहे का?"

कळ लागली हो काळजात! पण गड्याने मन घट्ट केलं, पहिली दोन पानं बाजूला टाकली आणि थोरला भाऊ दाराशी येतो तिथूनच सुरुवात केली. थोरला हात वर करतो, पण कडी वाजवायचा धीर होत नाही. वर्तमानपत्रं खाली आली.

"वाजव की लेका!" नळवाला ओरडला.

न्हाव्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कडी वाजली. धाकट्याने दार उघडलं आणि एवढंच विचारलं, "दादा, जेवलास?"

चूक कोणाची होती, ते सांगणारं एक पान अजून बाकी होतं. न्हाव्याने तोंड उघडलं, तोच नळवाला उठून उभा राहिला.

"बस कर. झाली गोष्ट."

"अरे, पण चूक कोणाची?"

"कोण विचारतंय?" नळवाला चपला पायात सरकवत म्हणाला.

"चाललास कुठे? नंबर तुझाच आहे!"

"दाढीचं उद्या बघू. आमच्या थोरल्याकडे जाऊन येतो, फार दिवस तोंड पाहिलं नाही त्याचं."

न्हाव्याला हसावं की रडावं कळेना. शेवटचं पान त्याने टराटरा फाडलं आणि आत हाक मारली, "अगं, गोष्ट घालायला पाकीट आण लवकर! नळवाला दाढी न करताच गेला!"