सूरजबोडीचा थोरला दगड

साडेचार वाजता रेडिओनं साऱ्या नागपूरला सांगून टाकलं, की सूरजबोडी तलावाकाठचा थोरला दगड बेवारस आहे. त्या घडीला पंचफुला त्याच दगडावर कोणा वकिलाची चादर आपटत होती.

चौऱ्याहत्तर सालचा तो रविवार. तलावाकाठी नवा बोट क्लब निघाला होता आणि क्लबातल्या हौशी मंडळींनी खजिना शोधायची शर्यत काढली होती. दर अर्ध्या तासानं, दोन गाण्यांच्या मधे, रेडिओवर एक कोडं यायचं आणि गळ्यात ट्रान्झिस्टर अडकवलेली पोरंपोरी स्कूटरींवरून शहरभर उंडारायची. घाटासमोर रुपरावचा पानठेला होता आणि ठेल्यावर रेडिओ. त्यामुळे पंचफुलाला दुपारपासून सगळी कोडी फुकटात ऐकायला मिळाली होती. शेवटचं कोडं असं आलं:

सात भाऊ पाण्यापाशी, थोरला त्यातला बेवारशी;
ना धनी त्याला, ना कोणी वाली, खजिना त्याच्या पोटाखाली.

पंचफुलाचा हात थांबला. घाटावर कपडे धुवायचे दगड सातच होते आणि सगळ्यात मोठा तिचा. हा बेवारस शब्दही तिच्या ओळखीचा होता. गेल्या हप्त्यात क्लबानं घाटावरच्या कडुलिंबाच्या झाडाला नोटीस डकवली होती: घाटावरचे बेवारस दगड सोमवारी उखडून तिथं बोटींसाठी पायऱ्या होतील, कोणाचा हक्क असल्यास कागद दाखवावा. आता दगडाला कसला कागद? तिच्या सासऱ्यानं तो रामटेककडून बैलगाडीत घालून आणला, तेव्हा गाडीवानानं पावती फाडली नव्हती. बाकी सहा दगडांवरचे वरठी, म्हणजे परीट, नोटीस ऐकून मुकाट्यानं दुसऱ्या तलावावर धुणी घेऊन गेले. पंचफुला गेली नाही. तिचं घर याच दगडावर चालत होतं, आणि शिवाय तिला रागही आला होता.

तिनं चादर तशीच बाजूला ठेवली, लुगडं सावरलं आणि दगडावर ऐसपैस मांडी घालून बसली.

"पंचफुलाबाई, काय करून राहिल्या?" रुपरावनं ठेल्यावरून विचारलं.

"बसून राहिलो. तुमी रेडिओ बंद नोका करू, भाऊ."

पहिली स्कूटर शामलाची आली. कॉलेजातली मुलगी, मागे धाकटा भाऊ. तिनं दगडामागे वाकून पाहिलं. ताज्या चिखलातून बिस्किटाच्या डब्याची कड दिसत होती, पण तिथवर हात घालायला पंचफुलाला उठवावं लागणार होतं.

"मावशी, जरा उठता का?"

"तू इचारलं, बाई. क्लबवाल्यायनं डबा ठेवतानी मले इचारलं नाही. तुयावर माया राग नाही, पन मी उठत नाही."

दहा मिनिटांत वीस स्कूटरी जमल्या. मागून क्लबाचे सेक्रेटरी मनोहरराव आले, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, घामाघूम. साडेपाचला रेडिओवर निकाल जायचा होता आणि क्लबाच्या तंबूत पाहुणे येऊन बसले होते.

"उठा बाई. या दगडावर तुमचं नाव आहे का?"

"तुमच्या सदऱ्यावर तुमचं हाये का?"

"सदऱ्यावर कोणी नाव घालतं?"

"मंग तो बी बेवारस. काढून ठेवा."

पोरं खो खो हसली. पंचफुला हसली नाही.

"कॉलर उलटून पाहा, सायेब. आतून दोन टिंबं अन् एक आडवी रेघ. ते तुमचं घर. बिब्ब्याच्या काळ्या रसानं मीच घातली. तीस वर्सं झाले, याच दगडावर धुतो तुमच्या घरचे कपडे. अजून एक सदरा हरवला नाही."

मनोहररावांनी कॉलर उलटली नाही, पण बाकीच्यांनी उलटल्या. शामलानं भावाची मान धरून वाकवली: तीन टिंबं. शेजारच्याच्या कॉलरीत फुली, त्याच्या बायकोच्या पोलक्यावर चंद्रकोर. घाटभर माणसं एकमेकांच्या मानगुटीत डोकावत उभी राहिली. निम्म्याअधिक कपड्यांवर पंचफुलाच्या हातची खूण होती.

"मी पोलीस बोलावतो," मनोहरराव म्हणाले.

"बोलवा. ठान्याच्या वर्द्या बी इथंच येते."

मनोहररावांनी घड्याळ पाहिलं. पाचला दहा कमी. "मग पाहिजे काय तुम्हाला?"

"रेडिओनं बेवारस म्हटलं. आता रेडिओनंच खरं सांगावं. मायं नाव घेऊन."

ते बरंच बोलले. नियम सांगितले, पाहुण्यांची अडचण सांगितली, मग आवाज चढवला. ती काठावरच्या बगळ्याकडे पाहत बसली. पाच वीसला ते क्लबातल्या फोनकडे निघाले, जवळजवळ पळतच.

साडेपाच वाजता रुपरावनं रेडिओचा कान पिळला. गाणं संपलं आणि निवेदिकेचा स्वच्छ आवाज तलावावर पसरला: "एक दुरुस्ती. आजच्या स्पर्धेतला खजिना सूरजबोडीच्या काठी, पंचफुलाबाई देवाजी वरठी यांच्या दगडाखाली आहे."

मेलेल्या नवऱ्याचं नाव रेडिओवर ऐकून तिचे डोळे भरून आले. ते तिनं कोणाला दिसू दिलं नाही. ती उठली. शामलानं डब्याकडे हात नेला, थांबवला आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"घे, बाई. तुयाच तं हाये."

टाळ्या झाल्या. तंबूकडे निघता निघता मनोहरराव थांबले. "झालं मनासारखं? पण रेडिओ म्हणजे कागद नव्हे. नोटीस कायम आहे. उद्या माणसं येणारच."

पंचफुला लिंबाच्या झाडाशी गेली. कंबरेच्या पिशवीतून तिनं बिब्बा आणि सुई काढली.

"शामलाबाई, बेवारस कुठं लिवलं हाये, दाखव वं."

शामलानं बोट ठेवलं. पंचफुलानं बिब्ब्यात सुई टोचली आणि त्या शब्दावर टिंबं दिली. एक, दोन, तीन, करत सात. सातवं मोठं. ही खूण तिनं अजून कोणाच्याच घराला दिली नव्हती. मग रंग पक्का व्हावा म्हणून रुपरावच्या ठेल्यावरचा चुना आणून चिमटीनं त्यावर दाबला. काळा रस कागदात जिरला आणि शब्द दिसेनासा झाला.

"धुऊन पाहा, सायेब," ती म्हणाली. "तीस वर्सं झाले, बिब्ब्याची निशानी मायाच्यानं बी निंगाली नाही."

आणि ती वकिलाची चादर धुवायला पुन्हा दगडावर गेली.