निळा रंग काढल्यावर

मी एक फोटो बोलतोय. कुरवंड्यातल्या एका घराच्या भिंतीवरचा, काळापांढरा. जन्मलो तेव्हा मात्र मी रंगीत होतो.

लोणावळ्यात गौरवचा फोटो स्टुडिओ आहे. भाद्रपदातल्या एका सकाळी तो कुरवंड्याच्या माळावर आला आणि समोरच्या कड्यावर कॅमेरा रोखून त्यानं मला टिपलं. हिरवं गवत, सोनकीची पिवळी फुलं, मागे निळसर धुकं. माणूस एकही नाही. गौरवला मी काही आवडलो नाही. असले फोटो हल्ली प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतात, असं तो स्वतःशीच पुटपुटला.

मग त्यानं संगणकावर माझे रंग काढायला घेतले. गवत राखाडी झालं. निळ्याचा जोर त्यानं पार उतरवला, तसं आकाश काळंकुट्ट झालं, धुकं विरलं आणि कड्याच्या टोकाशी खडकाला टेकून उभा असलेला, खांद्यावर घोंगडी घेतलेला एक म्हातारा दिसू लागला.

गौरवनं रंग परत आणले. म्हातारा गेला. पुन्हा काढले. म्हातारा होता तिथेच होता.

कुणी गुराखी असेल, अशी मनाची समजूत घालून त्यानं मला मोठा छापला आणि दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. येणारेजाणारे थांबायचे, बघायचे आणि निघताना, का कोण जाणे, एकदा मागे वळून पाहायचे.

एके दिवशी कुरवंड्याच्या शालूबाई आल्या. सोबत त्यांची मुलगी अपेक्षा. शालूबाईंचे यजमान अंबाजी आषाढात चुकलेली म्हैस शोधायला गेले, ते परतलेच नव्हते. अपेक्षाला त्यांचा फोटो मोठा करून हवा होता, हार घालायला. शालूबाईंना ते पटत नव्हतं. त्या आत न येता काचेपाशीच थांबल्या.

"ह्ये तर आमचं मालक," त्या हळूच म्हणाल्या. "कवा काढला ह्यो फोटू?"

गौरवनं सांगितलं. अपेक्षानं बोटांवर महिने मोजले. फोटो काढला तेव्हा वडिलांना जाऊन दोन महिने होऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी गावकरी दोर घेऊन त्या खडकापाशी गेले. खालच्या कपारीत अंबाजी सापडले. पडले तेव्हापासून ते तिथेच होते. घोंगडी त्यांच्या अंगाखाली कुजून गेली होती.

दिवसकार्य झाल्यावर गौरवनं घरच्यांसाठी माझी नवी प्रत काढायचं ठरवलं. पुन्हा तेच रंग काढले, तितकेच काढले. या वेळी नुसता खडक दिसला. म्हणून त्यानं मलाच आणून दिलं. अपेक्षा मला घरात घ्यायला तयार नव्हती.

"ऱ्हाऊ दे," शालूबाई म्हणाल्या. "लय दिस भाईर हुभं हायती."

त्यांनी मला दारासमोरच्या भिंतीवर टांगलं. रोज सकाळी काच पुसताना त्या अंबाजींना घरचं सगळं सांगायच्या. म्हैस आपली आपण परतली, भाताला लोंब्या आल्या. मी ऐकायचो. आणि मला जाणवायचं, माझ्यातला माणूस वळतोय. आधी त्याचं तोंड दरीकडे होतं. मग गावाकडे झालं.

आज सकाळी खडकापाशी कुणी नव्हतं.

शालूबाईंचा हात काचेवरच थांबला. त्या घाबरल्या नाहीत. सावकाश मागे वळल्या.

"आलात व्हय?" त्यांनी विचारलं, आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

मी समोरच आहे, मला सगळं दिसतं. पण काय दिसतं ते मला विचारू नका. माझं एवढंच मागणं आहे, या घरी आलात तर उंबऱ्याच्या डाव्या अंगाला बसू नका.