खांद्यावरचे दोन ठोके

माझ्या लेकीला ऐकू येत नाही. म्हणून तिच्या जाकिटात, उजव्या खांद्यापाशी, बोटाच्या पेराएवढं यंत्र बसवलंय. मी माझ्या मनगटावरच्या पट्ट्याला दोनदा बोट टेकवलं की तिच्या खांद्यावर दोन हलके ठोके पडतात. दोन ठोके म्हणजे आई बोलावतेय, मागं बघ. हे तिच्या अंगवळणी पडायला अख्खा हिवाळा गेला. सासूबाई म्हणायच्या, पोरीला टीव्हीसारखी रिमोटवर ठेवलीय. म्हणोत बापड्या. रस्त्यात ती वळून बघायची, मला तेवढं पुरे होतं.

जाकीट माझ्या धाकट्या भावानंच बनवलेलं. पुढं तसली जाकिटं बऱ्याच पोरांच्या अंगावर दिसायला लागली आणि भावाला नवा चौक सजवायचं काम मिळालं. पाय ठेवला की उजळणारी फरशी, हात लावला की रंग बदलणाऱ्या भिंती. जाकीट घातलेलं मूल जवळून गेलं, तर भिंत त्याला खेळायला बोलावणार. मोठ्या हौसेनं तो आम्हाला दाखवायला घेऊन गेला.

पहिल्या भिंतीजवळून जाताना लेक गर्रकन वळली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पट्ट्याला हातही लावला नव्हता. मी मान हलवली, नाही गं. पुढच्या भिंतीपाशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. मग तिनं वळणंच सोडलं.

मी भावाला विचारलं, भिंत बोलावते कशी?

"दोन ठोके. तुमच्याकडूनच उचललं, ताई. किती गोड वळते ती."

तेवढ्यात ती कडेच्या सायकलींच्या वाटेवर उतरली. मी पट्टा नुसता बडवत राहिले. ती वळली नाही. धावत जाऊन दंडाला धरून तिला ओढली, तेव्हा सायकल माझं कोपर खरवडून गेली.

भावाचा चेहरा उतरला, पण जीभ काही थांबेना. आता सगळ्या भिंतींना दोनच बसवलेत म्हणे, बदलणं त्याच्या हातात नाही.

"तुम्ही तीन करून घ्या ना."

चोर सोडून संन्याशाला सुळी.

घरी आल्यावर मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि खुणांनी सांगितलं, ते ठोके आईचे नव्हते, भिंतीचे होते. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग तिनं हातांनीच उत्तर दिलं.

"भिंतीला हात नसतात. तूच बोलावतेस. आणि मी बघितलं, की मान हलवून 'नाही' म्हणतेस."