चपलांचं कपाट

ओट्यावरची सांडशी खाली पडली आणि दुपारच्या निपचित घरात केवढा तरी खणखणाट झाला. शर्टाला काजं करत बसलेल्या आईने वर पाहिलं. धाकटी ताईसाठी डबा भरत होती. आज न कळवता जायचं आणि थोरलीला चकित करायचं, असा दोघींचा बेत होता.

वस्तीबाहेर सूतगिरणी उभी राहिली तेव्हा सगळ्यांनाच वाटलं, आता दिवस पालटणार. तिथल्या मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीला वन्सं लागल्या आणि आईला तर आभाळ ठेंगणं झालं. सख्खी आत्या लक्ष ठेवणार म्हटल्यावर थोरलीला तिथं कामाला धाडायला काळजी कसली? आपापल्या पोरी धाडायला कचरणाऱ्या गल्लीतल्या आयांनाही तिनेच पटवलं. सुट्टीच्या दिवशी वन्सं एकट्याच यायच्या. पोरगी मैत्रिणींत रमलीय, तिलाच यावंसं वाटत नाही म्हणायच्या. आई जराशी रुसायची, पण विश्वास ठेवायची.

वसतिगृहाचं फाटक सताड उघडं होतं. ते पाहून आईला बरंच वाटलं. वन्संच्या खोलीत मात्र भिंतभर जाळीचं कपाट होतं, कुलूप घातलेलं. आत चपलाच चपला. धाकटीने ताईच्या लगेच ओळखल्या. पट्टा आईनेच तर शिवून दिला होता.

तेवढ्यात थोरली आली. अनवाणी. टाचा भेगाळलेल्या, केसांत कापसाचे तंतू. परक्या बाईकडे पाहावं तसं तिने आईकडे पाहिलं.

मागोमाग आलेल्या वन्सं ओशाळल्यासुद्धा नाहीत. तरण्याताठ्या मुली, एखादी निघून गेली तर बोल कोणाला लागणार? म्हणून कामाची पाळी संपली की चपला जमा करून घ्यायच्या. बाहेर मैलभर तापलेली खडी, अनवाणी कोण जातंय? फाटकाला कुलूप नाही, म्हणून बघायला येणारे पाहुणेही खूश. गिरणीच्या साहेबांना तर ही युक्ती फारच आवडली होती.

"युक्ती तुमची, वन्सं?"

"मग काय झालं, वहिनी? पोटभर जेवतेय, डोक्यावर छप्पर आहे. गरिबाच्या पोरीला आणखी काय लागतं?"

"घरी यावंसं वाटलं तर येता आलं पाहिजे."

"येऊन काय करणार? तुझ्यासारखी काजं?"

थोरली पहिल्यांदाच बोलली. आवाज अगदी सपाट होता. "दर सुट्टीला मी आत्याजवळ निरोप द्यायचे. आईला सांग, मला घेऊन जा. आत्या परत येऊन सांगायची, आई म्हणते, राहा तिथंच."

आईने वन्संकडे पाहिलं. त्या पदर नीट करत होत्या. लग्न होऊन आली तेव्हा याच वन्संनी तिला घर दाखवलं होतं, बाळंतपणं केली होती. ओरडावं असं आईला वाटलं.

तिने कपाटाची किल्ली मागितली. साहेबांना विचारावं लागेल, असं उत्तर आलं. मग आईने स्वतःच्या चपला काढून थोरलीसमोर ठेवल्या.

"घाल. आणि वन्सं, बाकीच्या पोरीही माझ्याच शब्दावर इथं आल्यात. त्यांच्या आयांना मी आजच घेऊन येते. येताना प्रत्येकीच्या हातात चपला असतील."

वन्सं काहीतरी बोलत राहिल्या. त्या तिघी निघाल्या. खडी खरंच तापली होती. तळव्यांची आग आग होत होती, तरी आई भरभर चालली. थोरली शेजारून चालत होती, पण आईने धरू पाहिलेला हात तिने अलगद सोडवून घेतला.

धाकटी हे सगळं पाहत होती. चालता चालता तिने विचारलं,

"आई, ताईला तिथं पाठवायच्या आधी तू तिला विचारलं होतंस?"