उलट्या बाजूचा भांग

माझ्याकडे दोन ज्येष्ठ जेवायला येतात. हसू नका, त्यांच्या मॉर्मन चर्चमध्ये विशीतल्या पोरांनाच ‘एल्डर’ म्हणतात, म्हणजे ज्येष्ठ! पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी आणि ओठावर धड मिसरूडही नाही. एल्डर रोचा शेजारच्या बोलिव्हियाचा. एल्डर थेन पार अमेरिकेतला, आयडाहोचा. उंच इतका, की माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला रोज डोकं आपटतो आणि रोज दाराचीच माफी मागतो. दोन वर्षं परमुलखात दारोदार धर्म सांगत हिंडायचं, त्यातले त्याचे आठ महिने उरलेत. मी कॅथलिक, मरेपर्यंत तशीच राहणार, हे पहिल्याच दिवशी ठणकावलं. पण पेरू देशातल्या आमच्या अरेकिपात पोराला जेवू घालताना धर्म विचारत नाहीत.

त्यांचे नियम ऐकाल तर तोंडात बोटं घालाल. कॉफी नाही, चहा नाही. मोरी सोडली तर दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. घरात बाई एकटी असली तर उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून माझा नवरा इलारियो दुपारी टॅक्सी उभी करून घरी येतो आणि जेवण होईस्तोवर करवादतो. बाईला मिठी तर नाहीच नाही, नुसता हात मिळवायचा. आमच्याकडे पोस्टमनच्यासुद्धा गालाला गाल लावतात, आणि हा पोरगा चार महिने माझ्यापुढे काठीसारखा हात धरतोय.

सोमवारी त्यांना सुट्टी. त्या दिवशी घरी व्हिडिओ कॉल करायची मुभा असते. माझ्याकडे इंटरनेट चांगलं, म्हणून थेन माझ्याच टेबलाशी बसतो, आईशी बोलतो आणि शेवटी फोन माझ्याकडे वळवतो. मला इंग्रजी येत नाही, तिला स्पॅनिश येत नाही. मधे दुभाष्या हाच.

“मम्मी विचारतेय, आज काय केलंय?”

“सोमवारी चाकेच असतो म्हणावं, मटण-बटाट्याचं सूप. आणि तुझ्या लेकाने तीन वाट्या सूप ओरपलंय.”

दर सोमवारी मी हात पुसत नुसती डोकावायचे. या खेपेला माझा नवा चष्मा आला होता, म्हणून जरा टेकले आणि नीट बघितलं. बाईच्या डोक्यावर स्वतःचे केस नव्हतेच. तो केसांचा टोप होता. भुवया पेन्सिलीने काढलेल्या. माझी बहीण नेलिदा शेवटच्या वर्षी अशाच भुवया काढायची, मीच धरायचे तिला आरसा. ती बाई हसत होती, थेन हसत होता, आणि माझ्या हातातला डाव सुटून फरशीवर पडला.

“काय झालं सेन्योरा?”

“काही नाही रे. हात ओला होता.”

मंगळवारी थेन मोरीत गेल्याबरोबर मी रोचाला गाठलं. “खरं सांग. त्याच्या आईला काय झालंय?”

रोचा पांढराफटक. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

अगं माझ्या चापीच्या मेरीमाउली! म्हणजे याला ठाऊक होतं!

“त्याच्या वडिलांनी मला कळवलंय,” तो कुजबुजला. “कॅन्सर आहे. वाईट आहे. थेनला कळलं तर ही दोन वर्षांची सेवा अर्धवट टाकून घरी येईल, आणि तसं व्हायला नको अशी आईचीच इच्छा आहे. त्याच्यावर लक्ष ठेव म्हणाले. तुमच्या पाया पडतो सेन्योरा, बोलू नका.”

“अरे मेल्या, आई मरायला टेकलीय आणि लेकाला पत्ता नाही? ही कुठली रीत?”

मोरीचं दार वाजलं आणि रोचा खाली मान घालून सूप प्यायला लागला.

रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. इलारियोला सांगितलं तर म्हणाला, “कासिल्दा, तू खानावळवाली आहेस. वाढ आणि गप्प बस.” म्हटलं, बरा सल्ला. बुधवारी सूप खारट झालं. गुरुवारी मीठच विसरले. थेनने दोन्ही दिवस ताटली चाटूनपुसून खाल्ली आणि फार छान म्हणाला. त्याचं ते छान ऐकून मला जास्तच संताप आला. आईचं तोंड शेवटचं बघणं त्याच्या नशिबी आहे की नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि त्याने तेवढं सूप प्यायचं!

शुक्रवारी चुपे, म्हणजे कोळंबीचं दाट सूप वाढलं आणि ठरवलं, आता बास. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. रोचाने टेबलाखालून मला पाय मारला. मी उलट मारला.

“थेन, बाळा, तुझ्या आईचे केस...”

त्याने चमचा खाली ठेवला. शांतपणे म्हणाला, “माहितीये मला, सेन्योरा.”

रोचाच्या घशात घास अडकला. इलारियोसुद्धा वर्तमानपत्रामागून बाहेर आला. मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

“कधीपासून?”

“ईस्टरच्या आधीपासून. मम्मीचा भांग डावीकडे असतो. मी लहान होतो तेव्हापासून. एका सोमवारी तो उजवीकडे होता.” त्याने स्वतःच्या डोक्यावरून बोट फिरवून दाखवलं. “टोप तसाच मिळाला असेल.”

“आणि तू गप्प? दर सोमवारी माझ्या टेबलावर बसून खिदळतोस?”

“मला माहीत नाही असं तिला वाटतं, तोवर ती सोमवारी उठून बसते. लिपस्टिक लावते. तिच्या पाठीमागे पलंगाचा कठडा दिसतो, सेन्योरा. ती खुर्चीत नसतेच. मी रडलो, तर ती परत झोपेल. आणि घरी गेलो, तर आपल्यामुळे पोराची सेवा मोडली म्हणून झुरेल.”

“आणि तुला? तुला काय हवंय?”

“मला घरी जायचंय,” तो म्हणाला, आणि त्याचं तोंड एकदम सात वर्षांच्या पोरासारखं झालं. मी उठले. तोही उठला, आणि सवयीने हात पुढे केला. काय करणार, मिळवला मी हात.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मायलेकांनी मुठी झाकल्या होत्या आणि दोन्हींत एकच निखारा होता. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी मी माउलीला स्पष्ट सांगितलं, उद्या माझी जीभ सुटणार आहे, अडवायची असेल तर आत्ता अडव. तिने काही अडवलं नाही.

सोमवारी पुन्हा चाके शिजायला ठेवला. थेनने फोन लावला. आठवड्यात ती बाई केवढी वाळली होती! गळ्याभोवती रुमाल, ओठ लालभडक. ती हसली, हा हसला. मग नेहमीसारखा फोन माझ्याकडे वळला.

“मम्मी विचारतेय, आज काय...”

“तिला सांग, सेन्योरा, तुमचा भांग उलट्या बाजूला आहे.”

थेन माझ्याकडे बघतच राहिला.

“कासिल्दा!” इलारियो ओरडला.

“तुम्ही गप्प बसा. सांग बाळा, जसंच्या तसं सांग. आणि हेही सांग, की हे माझ्या लक्षात आलेलं नाही, तुझ्या आलंय. ईस्टरच्या आधी.”

पलीकडे ती वाट बघत होती, हसू तसंच ओठांवर. मग थेन बोलला. इंग्रजीत, हळू. मला एक शब्द कळला नाही, पण मी तिच्या तोंडाकडे बघत होते. हसू गेलं. हात केसांकडे गेला, थांबला. मला वाटलं, देवा, मी हे काय करून बसले, आता ही फोन ठेवणार.

तिने टोप काढला.

छोटंसं, गोरं, उघडं डोकं. टोप मांडीवर ठेवून ती लेकाकडे बघत राहिली आणि तो तिच्याकडे. मग ती दोनच शब्द बोलली. थेनला सवय लागलेली, तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मम्मी म्हणतेय, घरी ये.”

मी त्याच्या हातातला फोन काढून घेतला. दुसऱ्या हाताने त्या लांबलचक पोराला खाली ओढून छातीशी धरलं, आणि तिकडे तिला दिसावं म्हणून फोन उंच धरून ठेवला. रोचाने भिंतीकडे तोंड केलं. इलारियो डोळे पुसत म्हणाला, “मी विमानतळापर्यंत सोडतो.” चुलीवरचा चाके उतू चालला होता, तो मी जाऊ दिला.