छंदाचा मोबदला

हर्सूलचे मधुसूदन पाटोदकर विमा कार्यालयात नोकरी करत आणि सुट्टीच्या दिवशी माहितीपट काढत. कॅमेरा स्वतःचा, पेट्रोल स्वतःचं. लग्नाचं शूटिंग करता का, असं कोणी विचारलं तर हसून नाही म्हणत. पैसे आले की छंदाची नोकरी होते, हे त्यांचं ठाम मत होतं.

गेल्या वर्षी त्यांनी सोयगावच्या बन्सी सोनवणेवर वीस मिनिटांचा माहितीपट केला. विहिरीत मोटार पडो, घागर पडो नाहीतर वासरू, बन्सी दोराला धरून उतरतो आणि वर काढतो. यूट्यूबवर हा माहितीपट लोकांना फार आवडला. मग पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा फोन आला. त्यातली दोन मिनिटं जाहिरातीसाठी हवी होती. चाळीस हजार देऊ म्हणाले. मधुसूदनरावांनी नकार दिला.

पुढच्या रविवारी सोयगावला जाऊन त्यांनी हे बन्सीला अभिमानानं सांगितलं. बन्सीची बायको आशाबाई चहा ठेवून गेली.

"साहेब, तुमी नको म्हणले, ते तुमच्या मनासारखं झालं," तो म्हणाला. "पण इहिरीत मी उतरलो व्हतो. तुमच्या शूटिंगसाठी तीनदा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. पण मधुसूदनरावांनी चहाचा कप खाली ठेवला. पहिल्यांदा ऊन आडवं आलं होतं, दुसऱ्यांदा आवाज बिघडला होता. तिसऱ्या खेपेला दोरानं बन्सीचा तळहात सोलला होता, आणि तेच दृश्य त्यांना सगळ्यांत जिवंत वाटलं होतं. तुला आधी विचारायला हवं होतं, एवढंच त्यांना बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संकोचत कंपनीला फोन केला. दोन दिवसांनी होकार आला, पण आता तीस हजारांवर. बन्सीचं नाव जाहिरातीत यावं ही अट त्यांनी घातली आणि ती मान्य झाली. पैसे आले तसे ते सगळे घेऊन सोयगावला गेले.

बन्सीनं त्यातले निम्मे परत त्यांच्या हातात ठेवले.

"तुमचे किती रविवार गेले, त्याचं काय?"

इतक्या वर्षांत त्यांच्या रविवारांची किंमत कोणी केली नव्हती, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. त्यांनी पैसे घेतले आणि हात जोडले. आपल्याला हे सांगणारा माणूस भेटला, याचं समाधान त्यांना घरी पोचेपर्यंत पुरलं. बायकोला, दमयंतीबाईंना, त्यांनी दारातच सगळं सांगितलं.

आता कुणावरही माहितीपट काढण्याआधी, पैसे आले तर कसे वाटायचे, हे ते त्या माणसाशी बोलून घेतात. आपल्या वाट्यातून त्यांनी चांगला माइक घेतला. आवाजासाठी कुणाला पुन्हा उतरावं लागू नये म्हणून.

बन्सीनं विहिरीत उतरताना दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा आणि हेल्मेट घेतलं. परवा त्याचा फोन आला.

"पट्टा लई काचतो, साहेब," तो म्हणाला. "पण आशा आता जीव मुठीत धरून इहिरीच्या काठावर उभी ऱ्हात नाय. घरी स्वयंपाक करीत बसती."